नायट्रोजनचा सिलिंडर आणि सहीची जॉब फाइल

प्रति,
राज्यातील औद्योगिक प्रशिक्षणाचा कारभार पाहणारे अधिकारी,
शासकीय आयटीआयचे प्राचार्य आणि संस्था व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

मिरजेत माझं एसी-फ्रिज दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. २००९ साली मी एका शासकीय आयटीआयमधून आरएसीचा, म्हणजे फ्रिज-एसी दुरुस्तीचा, दोन वर्षांचा ट्रेड पास झालो. तेव्हा आम्हाला मेकॅनिक म्हणायचे, आता टेक्निशियन म्हणतात. आज माझा भाचा त्याच संस्थेत, त्याच ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संस्थेचं नाव मी इथे घालत नाही. नाव घातलं की चौकशी त्या एका संस्थेची होईल, दोघा-तिघांना नोटिसा निघतील आणि विषय तिथेच मिटेल. सीझनमध्ये माझ्याकडे हाताखाली कामाला येणारी मुलं वेगवेगळ्या तालुक्यांतली असतात आणि बहुतेकांच्या तोंडून मी हेच ऐकतो.

पत्राला निमित्त एका सूचनेचं झालं. मागच्या महिन्यात भाच्यानं मला मोबाइलवर फोटो पाठवला. वर्कशॉपच्या दारावर कागद चिकटवला होता: यंत्रसामग्री उपलब्ध नसल्यानं इन्व्हर्टर स्प्लिट एसी आणि कोल्ड स्टोरेजचे जॉब (म्हणजे प्रात्यक्षिकं) चित्रफिती दाखवून पूर्ण करून घेतले जातील, मुलांनी जॉब फाइल भरून सही घ्यावी. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, ‘मामा, फाइल पूर्ण झाली.’ मी बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत बसलो. कारण दोन-तीन महिन्यांपूर्वी काय होता होता वाचलं, ते मला आणि त्याला दोघांनाच माहीत होतं. आता आपल्याला सांगतो.

एप्रिलातली दुपार होती. एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर दीड टनाचा स्प्लिट एसी, आर-३२ गॅसवरचा, ज्याला आम्ही नुसतं बत्तीस म्हणतो. फ्लेअर जॉइंटमधून, म्हणजे पाइपचं तोंड फुलवून नटानं आवळलेल्या जोडातून, गॅस गेला होता. जॉइंट नवीन केला आणि आता लाइन प्रेशरला लावून बघायची होती. बत्तीसच्या मशीनला साडेतीनशे-चारशे पीएसआयपर्यंत दाब देऊन बघावा लागतो, आणि तो फक्त कोरड्या नायट्रोजननं द्यायचा असतो. मी आत डॉक्टरांशी बोलत होतो. बाहेर येऊन बघतो तर भाच्यानं ब्रेझिंगच्या, म्हणजे तांब्याचे पाइप तापवून जोडायच्या, टॉर्चचा पाइप सोडवला होता आणि काळ्या ऑक्सिजन सिलिंडरच्या रेग्युलेटरला गेजची पिवळी चार्जिंग लाइन जोडायच्या खटपटीत होता. मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. तो गोंधळला. म्हणाला, ‘मामा, नायट्रोजन संपलाय, म्हणून म्हटलं यानं दाब देऊ. दाब तर दोन्हीचा सारखाच ना?’

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीचीसुद्धा गरज राहत नाही, कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. अशानं माणसं मेलेली आहेत. माझा भाचा तेव्हा एसीच्या त्या आउटडोअर युनिटपासून हातभर अंतरावर उकिडवा बसला होता आणि खाली दवाखान्याच्या पायऱ्यांवर पेशंट बसले होते.

त्या संध्याकाळी दुकानात त्याला विचारलं, हे तुला शिकवलं नाही का? तो म्हणाला, शिकवलंय की. लेखी परीक्षेत ‘नायट्रोजन’ लिहिलं की मार्क मिळतो. पण वर्कशॉपमध्ये नायट्रोजनचा सिलिंडर नाही. पहिल्या वर्षी ब्रेझिंग करताना ऑक्सिजन पाहिलाय, नायट्रोजन कधी पाहिला नाही, त्याचा रेग्युलेटर हातात धरला नाही. त्यामुळे लिहिलेला शब्द आणि समोरचा सिलिंडर यांची त्याच्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. चूक त्या मुलाची आहे असं मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

म्हणून आपल्यासमोर माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार वर्कशॉपमधल्या यंत्रांची. मी शिकलो तेव्हा जे दोन विंडो एसी होते, तेच आजही आहेत. आर-२२ वरचे. त्यांच्यावर शिकून आम्ही पोट भरलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. पण २०२४ संपल्यापासून देशात नवीन यंत्रं बावीसवर बनवणं थांबलेलं आहे. आज गिऱ्हाइकाच्या घरी बत्तीस असतो, थोड्या जुन्या मशीनमध्ये चारशे दहा (आर-४१०ए), काही एसींमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन. घरातल्या नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. नुसतं सिलिंडरवरचं लेबल बदललेलं नाही, कामाची पद्धतच बदलली आहे. बावीसवर सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत येणाऱ्या लाइनीवर, साठ-सत्तर पीएसआय बघायची सवय लागलेला मुलगा चारशे दहाच्या मशीनवर गेज लावतो, एकशे वीस बघून घाबरतो आणि गॅस सोडून देतो. आणि बत्तीस, दोनशे नव्वद, सहाशे हे जळणारे गॅस आहेत. बत्तीस सौम्य, बाकीचे दोन स्वयंपाकाच्या गॅसइतके. सहाशेच्या फ्रिजची लाइन आत गॅस असताना टॉर्चनं उघडायला गेलं, तर ज्वाळा थेट तोंडावर येते. विंडो एसीवर शिकलेल्या मुलाला ही गोष्ट कुठून कळणार? चित्रफितीत ज्वाळा दिसते, पण सावधपणा हातात यायला तोच हात यंत्रावर पडावा लागतो.

दुसरी तक्रार व्हॅक्यूमची, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या धंद्यातली निम्मी फसवणूक आणि निम्मं नुकसान इथे होतं. लाइन उघडली की आत हवा जाते, हवेबरोबर ओल जाते. गॅस भरायच्या आधी व्हॅक्यूम पंप लावून ती ओल काढावी लागते. दाब इतका खाली न्यावा लागतो की आतलं पाणी खोलीच्याच तापमानाला उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. मायक्रॉन गेजवर, म्हणजे अगदी कमी दाब मोजणाऱ्या मीटरवर, काटा पाचशेच्या खाली यायला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर तो तिथेच टिकायला पाहिजे. टिकला नाही तर कुठेतरी लीक आहे किंवा ओल शिल्लक आहे. बावीसच्या जुन्या तेलाला थोडी ओल चालून जायची. बत्तीस आणि चारशे दहाच्या मशीनमधलं पीओई नावाचं तेल ओल शोषून घेतं, त्याचं आम्ल होतं आणि ते कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खातं. वर्षभरानं कॉम्प्रेसर जळतो. गिऱ्हाईक म्हणतं कंपनी खराब, मेकॅनिक म्हणतो व्होल्टेज खराब. खरं कारण त्या न लावलेल्या पंपात असतं.

आता आपल्या वर्कशॉपमध्ये काय होतं ते सांगतो. पंप एक आहे आणि तो बंद आहे. सील गेलंय, दुरुस्तीचा प्रस्ताव गेलाय. तोवर मुलांना ‘गॅस मारून हवा काढायची’ पद्धत दाखवली जाते: एका बाजूनं थोडा गॅस सोडायचा, दुसऱ्या बाजूचा नट सैल करायचा, फुस्स झालं की नट आवळायचा. बाजारातल्या घाईतल्या मेकॅनिकची ही खोड आहे आणि ती मोडायलाच तर शासनानं शाळा काढली आहे. इथे शाळाच ती खोड लावते आहे. भाच्यासकट गेल्या तीन सीझनमध्ये माझ्याकडे आलेल्या पाच मुलांना मी पहिल्या दिवशी विचारलं, मायक्रॉन गेज बघितलंय का? एकानंही हो म्हटलं नाही.

तिसरी तक्रार इन्व्हर्टरची. आज दुकानात विकला जाणारा बहुतेक स्प्लिट इन्व्हर्टर असतो. त्याच्या आउटडोअरच्या पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, मोठे कपॅसिटर असतात. २३० व्होल्टचा सप्लाय रेक्टिफाय झाला की तिथे तीनशेच्या वर डीसी व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही काही मिनिटं तसेच राहतात. मीटर लावून उतरल्याची खात्री केल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. ही एका दुपारची शिकवण आहे, फक्त त्यासाठी वर्कशॉपमध्ये एक इन्व्हर्टर आउटडोअर उघडा ठेवलेला पाहिजे. तो नाही, म्हणून हा जॉबही आता पडद्यावर.

चौथी तक्रार शिकवणाऱ्याची. आमच्या वेळी पूर्णवेळ निदेशक होते. ते निवृत्त झाले, पद भरलं गेलं नाही. आता एक सर तासिका तत्त्वावर येतात. ते सर तरुणच आहेत; मुलगा हुशार आहे, मनापासून शिकवतो. पण चोवीस मुलांची तुकडी, तो एकटा, मानधन कधी तीन महिन्यांनी, कधी चार. मार्च-एप्रिलमध्ये त्यालाही बाहेरची कामं घ्यावी लागतात, कारण त्यालाही घर आहे. त्याच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. नायट्रोजन मागणारं पत्र त्यानंच तीनदा दिलंय.

आमचे सर कसे शिकवायचे ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. फ्लेअरिंगचा पहिला दिवस. तांब्याचा पाइप कटरनं कापायला सांगितला. मी एका दमात आवळला तर पाइप चेपला. सर म्हणाले, ‘फिरव, मग जरासा आवळ. पुन्हा फिरव.’ कापून झाल्यावर पाइपचं तोंड जमिनीकडे करायला लावलं आणि मग रीमर फिरवायला सांगितला, म्हणजे तांब्याचा कीस बाहेर पडतो, लाइनीत जात नाही. मग फ्लेअर टूलमध्ये पाइप धरला, कोनला तेलाचा एक थेंब लावला, फ्लेअर सुंदर उघडली. मी खुशीत सरांना दाखवायला गेलो. ते काही बोलले नाहीत, नट उचलून माझ्या हातात दिला. नट आधी पाइपावर चढवायलाच मी विसरलो होतो. पूर्ण फ्लेअर कापून पुन्हा करायला लावली. त्यानंतर आजपर्यंत मी नट विसरलेलो नाही. त्या दिवशी वाया गेला असेल चार बोटं पाइप. आज वर्कशॉपमध्ये वर्षाला चोवीस मुलांत मिळून काही मीटर पाइप येतो आणि तो संपला की फ्लेअरिंगही बघून शिकायचं.

पाचवी गोष्ट थोडक्यात. गॅस काढून साठवायचं रिकव्हरी मशीन संस्थेत आहे, पण ते खोक्यात आहे, कारण चालवायला शिकवलेलं कुणी नाही. त्यामुळे प्रॅक्टिकलला गॅस खिडकीबाहेर सोडतात. हवा तापवण्यात एक किलो बावीस म्हणजे सुमारे १८१० किलो कार्बन डायऑक्साइड, चारशे दहा तर दोन हजारांच्या वर. दर १६ सप्टेंबरला ओझोन दिनाची पोस्टरं मुलं याच वर्कशॉपच्या भिंतीवर लावतात.

सहावी, उंचीची. आउटडोअर चौथ्या-पाचव्या मजल्यावर ग्रिलबाहेर टांगलेलं असतं. सेफ्टी बेल्ट कसा बांधायचा, हुक कशात अडकवायचा, पावसात काम का नाकारायचं, हे दोन वर्षांत एकदाही प्रत्यक्ष शिकवलं जात नाही.

आणि मुलींची. भाच्याच्या तुकडीत दोघी आहेत. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत, आणि या दोघी ब्रेझिंगमध्ये तुकडीत सगळ्यांत पुढे आहेत असं तोच सांगतो. पण वर्कशॉपचा ड्रेस बदलायला त्यांना खोली नाही, आणि इन-प्लांट ट्रेनिंगला, म्हणजे कारखान्यात शिकायला, पाठवायची वेळ आली की ‘तुम्ही ऑफिसात बसा’ असं सांगितलं जातं.

यावर आपलं उत्तर काय असेल, ते मला ठाऊक आहे. निधी वेळेवर येत नाही, खरेदीला पोर्टल आहे, टेंडर आहे, निदेशक भरती वरून होते. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. मुलं सीझनमध्ये दांड्या मारतात हेही खरं आहे. माझ्याच दुकानात मारून येतात, आणि त्यात माझाही दोष आहे. पण नायट्रोजनचा सिलिंडर भरून आणायला काही शे रुपये लागतात. पंपाचं सील बसवायला एक दुपार लागते. यासाठी टेंडर लागत नाही, ठरवावं लागतं.

आणि हे सगळं आपल्याला नवीन नाही. देशाच्या धोरणात हे लिहून ठेवलेलं आहे. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन काढला, त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. हवा तापवणारे एचएफसी गॅस कमी करण्याच्या २०१६ च्या किगाली कराराला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून आपल्याकडे चारशे दहासारख्या एचएफसी गॅसच्या वापरावर मर्यादा येणार आणि २०३२ पासून तो टप्प्याटप्प्यानं कमी करायचा आहे. म्हणजे त्यांच्या जागी जळणारे गॅस आणखी वाढणार. आज पहिल्या वर्षात बसलेला मुलगा २०२८ मध्ये जेमतेम विशी ओलांडलेला असेल आणि कुणाच्या तरी बेडरूममध्ये ते गॅस भरत असेल.

आमच्या भागात हा ट्रेड फक्त श्रीमंतांच्या एसीपुरता नाही, हेही ध्यानात घ्या. तासगाव-सांगलीकडे बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये राहतो म्हणून शेतकऱ्याला भाव येईपर्यंत थांबता येतं. तिथल्या मोठ्या प्लांटमध्ये अमोनिया असतो, आणि अमोनियाची गळती कशी ओळखायची, कुठल्या दिशेनं पळायचं, हे आमच्या मुलांनी फक्त पुस्तकात वाचलंय. मिरजेत दवाखाने किती आहेत ते मी सांगायला नको. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लशींचा फ्रिज २ ते ८ अंशांच्या बाहेर गेला तर लस निकामी होऊ शकते. तो फ्रिज बिघडला की ज्याला बोलावतात, तो आपल्याच वर्कशॉपमधून सही घेऊन बाहेर पडलेला असतो.

आता मागण्या.

चित्रफितीवर जॉब पूर्ण धरण्याची सूचना मागे घ्या. चित्रफीत दाखवा, जरूर दाखवा, पण सही यंत्रावर हात पडल्यावरच करा. जो जॉब झाला नाही, त्यासमोर ‘झाला नाही’ असं लिहायला परवानगी द्या. निदान खोटं तरी लिहून घेऊ नका.

प्रत्येक आरएसी वर्कशॉपमध्ये नायट्रोजनचा सिलिंडर रेग्युलेटरसह, चालू व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज दिवाळीपूर्वी द्या. त्यानंतर एक इन्व्हर्टर स्प्लिट आणि एक सहाशेचा फ्रिज.

रिक्त निदेशक पदं भरा. भरेपर्यंत तासिकेवरच्या निदेशकांचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या, आणि त्यांना नव्या गॅसचं आणि रिकव्हरी मशीनचं प्रशिक्षण पगारी द्या.

सेफ्टी बेल्ट, आग विझवणं आणि शॉक बसलेल्याला वाचवणं हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, प्रत्यक्ष करून. मुलींसाठी कपडे बदलायची खोली, आणि इन-प्लांटला त्यांना तेच काम जे मुलांना.

संस्था व्यवस्थापन समितीवर कारखानदार असतात, असूद्यात. त्यांच्याबरोबर या धंद्यात रोज हातानं काम करणारा एक मेकॅनिक घ्या. बैठकीचा भत्ता नको. आणि या पत्राचं उत्तर मला एकट्याला न देता वर्कशॉपच्या दारावर लावा, जिथे ती सूचना लावली होती तिथेच. चोवीस मुलं ते वाचतील.

एक गोष्ट मी माझ्या बाजूनं करू शकतो. दुकानात बदल्यात आलेला दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट पडून आहे, बत्तीसवरचा. चालू आहे. आउटडोअरचं झाकण काढून, पीसीबी आणि कॉम्प्रेसर दिसेल असा लोखंडी स्टँडवर बसवून ठेवला आहे, आणि कपॅसिटरवर लाल रंगानं खूण केली आहे. त्याच्याबरोबर नायट्रोजनचा एक भरलेला सिलिंडरही देतो. पावती नको, फलक नको. फक्त तो जडसंग्रह नोंदवहीत चढवून कुलपात ठेवू नका, मुलांना उघडू द्या. येत्या शनिवारी टेम्पो सांगितला आहे. कुणाच्या परवानगीनं आणि कुठल्या गेटनं आत आणायचा, तेवढं शुक्रवारपर्यंत कळवावं.

आपला,
एक आरएसी मेकॅनिक
मिरज